मुदखेड : फुलं, रूळ आणि एक पत्र्याची पेटी

नांदेड सोडून हैदराबादच्या दिशेने निघालं की पहिलं मोठं स्टेशन मुदखेड. इथे रुळांना फाटा फुटतो. एक वाट उमरी, धर्माबादवरून निजामाबादकडे जाते, दुसरी भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला. गावाबाहेर केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि शिवारात गुलाब, मोगरा, काकडा. संपादकांनी फुलांवरच लिहायला सांगितलं होतं. लिहिलंही असतं, पण एका फूलवाल्याने भलत्याच गल्लीत पाठवलं. "जुने भाव पाहिजेत ना? गुरुजींकडं जा. त्यांच्या वडलांनी समदं लिहून ठेवलंय."

गुरुजींनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. माजघरात पलंगाखाली त्यांची पत्र्याची पेटी असते. वर सरकारी कागद : इनामाचा मुंतखब, 1954-55 च्या खासरा पत्रकाची नक्कल, पावत्यांचा गठ्ठा. त्याखाली वडलांची रोजखर्चाची वही आणि दोरीने बांधलेली पत्रं. वहीतले आकडे निजामाच्या हाली रुपयांत, तारखा त्याच्या कारभारातल्या फसली सनात. "1357 दिसलं की त्यात 590 मिळवा," गुरुजी म्हणाले. मिळवले. 1947 निघालं, म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948 हे रझाकारीचं आणि पोलीस ॲक्शनचं वर्ष. त्या पानांवर तेल, मीठ, डाकखर्च अशा नोंदी आहेत, आणि मध्येच कित्येक पानं कोरी.

निजामी राजवटीत शिकलेल्या मराठी माणसाची ही वही. दरबारचं काम उर्दूत, शाळा उर्दूत, 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूत. म्हणून हिशेब मोडीत, अर्ज उर्दूत आणि बहिणीला धाडलेलं पत्र बाळबोधीत, असं एकाच माणसाचं लिखाण तीन लिप्यांत विखुरलेलं. नातवंडांना त्यातली एकच वाचता येते. गुरुजींना तिन्ही येतात.

त्यांचं मोडी वाचणं बघत बसावं. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, ही मोडीची रीत. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नसतो. गुरुजी आधी ओळभर नुसतं बोट फिरवतात, ओठ हलतात, मग एकदम सगळं वाक्य मोठ्याने म्हणतात. "अर्थ कळल्याबिगर शब्द तुटत नाही," ते म्हणाले, "आणि शब्द तुटल्याबिगर अर्थ कळत नाही. मग काय, घरच्या माणसाची बोलायची ढब ठावी असली की निभतं."

अलीकडे त्यांच्याकडे वर्दळ वाढली आहे. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी, उर्दू वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. घरोघरच्या पेट्या माळ्यावरून खाली उतरल्या. "लोकं रोज यायलेत," गुरुजी सांगतात. "जातीचा रकाना दाखवा म्हणतात. सापडला की फोटो काढून निघाले. खालची पत्रं वाचा, असं एकानंबी म्हटलं नाही." दाखल्यासाठी पेटी उघडणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याचं पोट त्यात अडकलेलं असतं. मला खुपतं ते एवढंच, की सरकारी शिक्का असला तर कागद, नाही तर रद्दी, हे आपण बिनबोभाट ठरवून टाकलं आहे.

मुदखेडच्या आसपास ऐवज कमी नाही. निजामाविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांनी 30 जानेवारी 1948 ला उमरी बँकेवर हल्ला केला, त्यात तालुक्यातल्या बारडचे साहेबराव बारडकर होते. लुटीतल्या पैचाही हिशेब ठेवला होता, हे इकडे अजून अभिमानाने सांगतात. पण भूमिगतांच्या चिठ्ठ्यांबद्दल विचारलं तर गुरुजी हसले. चिठ्ठी वाचायची आणि चुलीत घालायची, घरात सापडली तर घर जायचं. त्या लढ्याचा इतिहास 1987 साली अनंत भालेराव यांनी जाडजूड ग्रंथात मांडला. घराघरांतली बाजू मात्र बरीचशी चुलीत गेली.

उमरीजवळच्या गोरट्याचं नशीब जरा बरं. पोलिसातली नोकरी सोडून कीर्तनकार झालेले दासगणू महाराज तिथे राहिले. 1962 मध्ये ते गेले, तरी शिष्यांनी त्यांचं लिखाण गोळा करून छापलं. संतकवीला शिष्य असतात. रोजखर्च लिहिणाऱ्या माणसाला नसतात.

सरकारी दप्तराची गत आणखी वेगळी. 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, जुनं दप्तर हैदराबादेतच राहिलं. आपल्या आजोबा-पणजोबांचे अर्ज आजही तारनाक्याच्या अभिलेखागारात बघायला जावं लागतं. निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींसारखा फारसी-उर्दू जाणणारा मराठी अधिकारी हैदराबादच्या नोकरीत होता, म्हणून त्यातलं काही मराठीत तरी आलं. पुण्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरची दप्तरं धुंडाळली, 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आपल्याकडे असा पायपीट करणारा अंमळ कमीच फिरकला.

असे कागद जपायला मुलूख मोठा लागतो असंही नाही. विलायतेतल्या वेल्सची वस्ती 2011 च्या मोजणीत 31 लाखांच्या आत होती. त्याच वर्षी नांदेड जिल्ह्याची 33 लाख 61 हजार. त्या चिमुकल्या मुलखाचं 1907 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय ग्रंथालय ॲबरिस्टविथ नावाच्या समुद्रकाठच्या गावात आहे. तिथे लेखक-चित्रकारांची पत्रं, टिपणवह्या आणि जुन्या घराण्यांचे कागद जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडे नांदेडला 1994 पासून विद्यापीठ आहे, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नावही आहे. गावोगावच्या पेट्यांसाठी तिथे एक कोरडी खोली आणि गुरुजींसारखे दोन-चार वाचणारे मिळाले तरी पुष्कळ होईल.

फुलांचे जुने भाव शेवटी वहीत सापडले नाहीत; वडलांनी फुलं लिहिली होती ती फक्त देवपूजेच्या खर्चात. निघताना मी विचारलं, पेटीचं पुढे काय? मुंतखब आणि खासरा पुतण्याने मागितला आहे, गुरुजी म्हणाले, जमिनीचा दावा चालू आहे त्याचा. वही त्याला नको. सुनेने पेटी गच्चीवरच्या खोलीत हलवायची म्हणून ठेवलं आहे, आणि ती खोली गळते.