समीकरणाचे चित्र : देवगिरी ते बालभारती

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की डोंगराच्या पायथ्याशी पाटण लागते. तिथल्या शिलालेखात एका मठाची हकीकत आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी चांगदेव यांनी आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तो काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले. ती देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद. समीकरणे शिकवण्याची सोय या मुलखात आठशे वर्षांपूर्वी होती!

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, म्हणजे ११५०च्या सुमारास, पहिली अव्यक्त राशी ‘यावत्तावत्’, पुढच्या कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या. दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडायचे आणि सजातीय पदे वजा करायची. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे भावित-प्रकरण, म्हणजे अव्यक्त राशींच्या गुणाकाराचे. दोन संख्यांपैकी एकीची चौपट आणि दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेत २ मिळवले की त्यांचा गुणाकार येतो, संख्या कोणत्या? याची उपपत्ती ते आयताने देतात. त्या दोन संख्या आयताच्या बाजू धरा. एका बाजूने ४ पट्ट्या कापा, दुसऱ्या बाजूने ३. कोपऱ्यातली १२ घरे दोन्हींत मोजली गेली, म्हणून उरलेल्या आयताचे क्षेत्रफळ १२ अधिक २, म्हणजे १४. आता १४चे अवयव पाडायचे : २ आणि ७ घेतले तर ५ आणि ११ मिळतात, ७ आणि २ घेतले तर १० आणि ६. चौथीतल्या मुलालाही चौकटीच्या कागदावर हे कापून पाहता येईल.

ज्यांना क्षेत्रगत, म्हणजे आकृतीची, उपपत्ती समजत नाही त्यांना राशिगत, म्हणजे चिन्हांची, दाखवावी, असेही आचार्य एके ठिकाणी सांगतात. आज आपण नेमके उलटे करतो : चिन्हे सर्वांना, चित्रे ‘कच्च्या’ मुलांना. बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीनेही नवव्या शतकात वर्गसमीकरणाची रीत चौरस काढूनच पटवली होती.

मधल्या काळाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. परीक्षेच्या धाकाने ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ एवढेच वर्गात उरले. का बदलते, हे विचारायला तासाला वेळ नव्हता.

बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात तराजू आला, तेव्हा म्हणूनच बरे वाटले. क्ष + ५ = १२ असेल तर दोन्ही पारड्यांतून ५ काढा; चिन्ह बदलण्याचे कारण डोळ्यांसमोर येते. सातवीत वर्गविस्ताराचे सूत्र चौरसाच्या चार तुकड्यांतून येते. मात्र तराजूला मर्यादा आहे. क्ष + ५ = २ त्याच्यावर मांडता येत नाही, कारण उणे वजन नसते. तिथे दोन रंगांच्या टिकल्या घ्याव्यात : एक धन, एक ऋण, जोडी जमली की शून्य. संख्यारेषाही चालते. एकाच प्रतिमेला धरून बसलेले मूल ऋण संख्या आली की अडते, असा माझा अनुभव आहे. प्रतिमा बदलायची असते आणि मुलाने स्वतः ती सोडेपर्यंत शिक्षकाने काढून घ्यायची नसते.

दरवर्षी कितीतरी शाळांच्या सहली दौलताबादचा किल्ला चढतात. गणिताच्या शिक्षकांना विनंती : यंदा सोबत चौकटीचे कागद आणि कात्री न्या, आणि भास्कराचार्यांचा तो आयत मुलांकडून तिथेच कापून घ्या.