बरोबरीतली जीत

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवायचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकन कॉलेजांतला फुटबॉल अगदी निराळा. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली. शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. मग एक जादा संधी : लाथेने खांबांमधून उडवला तर एक गुण, पुन्हा रेषेपार नेला तर दोन. कॉलेजांच्या खेळात हे दोन गुणांचे कलम १९५८ साली आले. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. पुढची सारी गंमत त्यातच आहे.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इत्यादी आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाला 'आयव्ही लीग' म्हणतात. १९५६ पासून त्यांच्या फुटबॉल स्पर्धा रीतसर भरू लागल्या. खेळाच्या जोरावर इथे शिष्यवृत्ती मिळत नाही. (प्रवेश देताना खेळाकडे अगदीच काणाडोळा होतो, असे मात्र नव्हे!) शिवाय गटात अजिंक्य ठरलेल्या संघालाही राष्ट्रीय बाद फेरीत उतरण्याची मनाई असे, ती २०२५ च्या हंगामापासून उठली. म्हणजे पूर्वी साऱ्या वर्षाच्या घामाचे मोल अखेरच्या शनिवारी ठरायचे.

१९६८ सालचा तो शनिवार होता २३ नोव्हेंबरचा. येलने आठपैकी आठ सामने जिंकले होते, हार्वर्डनेही आठपैकी आठ. १९०९ नंतर असा योग आला नव्हता. बाहेर व्हिएतनामच्या युद्धावरून देश दुभंगलेला. हार्वर्डच्या संघातच त्या रणांगणावरून परतलेला एक गडी होता आणि युद्धाला विरोध करणारेही होते. पुढे सिनेनट म्हणून गाजलेला टॉमी ली जोन्स त्यांच्याच आघाडीच्या फळीत होता. येलची भिस्त ब्रायन डाउलिंगवर. तो इतका लोकप्रिय की येलच्याच गॅरी ट्रूडो या विद्यार्थ्याने त्याच्यावरून व्यंगचित्रमालिकेत एक पात्र रंगवले.

येलने पाहता पाहता २२-० अशी आघाडी घेतली. हार्वर्डच्या प्रशिक्षकांनी मग फ्रँक चँपी नावाच्या राखीव खेळाडूला आत धाडले. मध्यंतराला २२-६. येलच्या हातून चेंडू पुन्हा पुन्हा निसटत होता, तरीही उत्तरार्धात त्यांचे २९ झाले, हार्वर्डचे १३. प्रेक्षक घरची वाट धरू लागले.

शेवटचे ४२ सेकंद उरले असताना चँपीच्या फेकीवर हार्वर्डला सहा गुण मिळाले. जादा संधीचा पहिला प्रयत्न फसला. पण पंचांनी येलची आगळीक धरली, पुन्हा संधी मिळाली आणि दोन गुण पदरात पडले. २९-२१. पुन्हा खेळ सुरू करताना हार्वर्डने चेंडू लांब न मारता मुद्दाम जवळच टोलवला आणि त्यांच्याच गड्याने त्यावर झडप घातली. अखेरचे ३ सेकंद! चँपी इकडून तिकडे पळाला, डगमगला, आणि कप्तान व्हिक गॅटोकडे चेंडू फेकला. घड्याळ थांबले तेव्हा २९-२७. जादा संधी मात्र वेळ संपली तरी हक्काची. चँपीने फेकले, पीट व्हार्नीने झेलले. २९-२९. मैदानात माणसांचा पूर लोटला.

विद्यार्थ्यांच्या 'हार्वर्ड क्रिमसन' पत्राने मथळा दिला : 'हार्वर्डने येलवर मात केली, २९-२९'. भाषा शिकवणाऱ्या माणसाने तिथे खरे तर लाल शाई चालवायची. मी मात्र पैकीच्या पैकी गुण दिले असते. गटाचे अजिंक्यपद दोघांत वाटले गेले, दोघेही अपराजित राहिले. तरी येलची मुले हरल्यासारखी मैदानाबाहेर पडली. १९९६ पासून कॉलेजांच्या वरच्या विभागांत जादा खेळ घेऊन निकाल लावतात, तेव्हा असा मथळा पुन्हा छापायची सोय उरलेली नाही.

येलचा कॅल्व्हिन हिल पुढे डॅलसच्या व्यावसायिक संघात गेला आणि नाव कमावून राहिला. चँपीने मात्र पुढच्याच हंगामात, दोन-चार सामने होतात न होतात तोच, संघ सोडला.