बारा कोसांवर भुंगेरा बदलतो

जपानी चित्रकथांचा सम्राट ओसामू तेझुका याच्या सहीत एक भुंगेरा बसलेला आहे. पाळण्यातलं नाव ओसामूच. पण लहानपणी ‘ओसामुशी’ या भुंगेऱ्याने त्याला असं काही झपाटलं, की नावाच्या अक्षराला त्याने ‘किडा’ या अर्थाचं आणखी एक अक्षर जोडून टाकलं. उच्चार आहे तोच ठेवला. पुढे हा गृहस्थ डॉक्टरकी शिकला, जगप्रसिद्ध झाला, पण किडा काही सहीतून गेला नाही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आमच्याही घरात फ्रीजमधल्या काही डब्यांना हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

ओसामुशी म्हणजे कॅराबस वंशातले भुंगेरे. लिनियसने १७५८ साली या वंशाला नाव दिलं. आज त्यात हजाराच्या आसपास जाती मोजतात; युरोपपासून जपानपर्यंत त्यांचा पसारा, उत्तर अमेरिकेत थोडक्या. रात्री जमिनीवर हिंडायचं आणि गोगलगायी, गांडुळं, अळ्या फस्त करायच्या, हा त्यांचा दिनक्रम, खरं तर रात्रक्रम. पाठीवरची दोन पंखकवचं बहुतेक जातींत मधोमध चिकटलेली आणि आतले उडायचे पंख खुरटलेले. म्हणजे उडणं बंद. सगळी गोम इथेच आहे. पायी चालणाऱ्या प्राण्याला एखादी रुंद नदी, एखादं कोरडं खोरं म्हणजे सरहद्दच. पलीकडच्या डोंगरावर भाऊबंद असले तरी सोयरीक होत नाही. हजारो वर्षांत एका डोंगरावरचा हिरवट होतो, दुसऱ्यावरचा तांबूस. कुणाच्या पाठीवरच्या उभ्या रेघा अखंड राहतात, कुणाच्या तुटून साखळीसारख्या दिसू लागतात. आणि मग संग्राहक येतो आणि प्रत्येकाला तिसरं नाव चिकटवतो. वंश, जात आणि वर उपजात.

उपजातीचे नियम उरकून टाकू. एका भागातले निदान पंचाहत्तर टक्के नमुने दुसऱ्या भागातल्यांपासून वेगळे ओळखता यावेत, असा एक ढोबळ दंडक १९४९ साली अमाडॉन या पक्षितज्ज्ञाने मांडला. १९५३ साली मुंग्यांवाले विल्सन आणि त्यांचे सहकारी ब्राऊन यांनी उपजात ही कल्पनाच मोडीत काढा, असा लेख लिहिला. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेने १९६० नंतरच्या ‘प्रकार’ आणि ‘रूप’ अशा नावांना दरवाजा बंद केला, उपजात मात्र आत राहिली. आल्प्समध्ये तर भुंगेरे गोळा करण्याच्या हौसेने कहर केला. इटलीतल्या सेसेरा खोऱ्यातला, सोनेरी-हिरवा झळकणारा कॅराबस ऑलिंपिए १८५५ साली सेला नावाच्या गृहस्थाने जगापुढे आणला. संग्राहक त्यावर असे तुटून पडले, की मध्यंतरी तो नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते. नशिबाने तो पुन्हा सापडला. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आल्प्सचं पुराण इथेच थांबवतो, कारण माझा जीव अडकलाय तो ओसाकाभोवतीच्या डोंगरांत.

तिथे ओहोमॉप्टेरस नावाचा उपवंश आहे, फक्त जपानचा. त्यातल्या जातींची नावं वाचली तरी डोंगरांचा नकाशा उभा राहतो. कोबे शहराच्या डोक्यावर ७०२ मीटरचा माया डोंगर, त्यावरून कॅराबस माइयासानस. ओसाकाच्या दक्षिणेला ८९७ मीटरचा इवावाकी, त्यावरून कॅराबस इवावाकियानस. माया हे नाव कुठून आलं म्हणाल, तर साक्षात मायादेवी, गौतम बुद्धाची आई. त्या डोंगरावर तिच्या नावाचं मंदिर आहे. माया ज्या रोक्को डोंगररांगेत येतो, तिच्याच पूर्व पायथ्याशी ताकाराझुका, जिथे तेझुका लहानाचा मोठा झाला, आणि त्याने पुढे बुद्धाच्या चरित्रावर भलीथोरली चित्रकथा लिहिली. यात कार्यकारणभाव काही नाही, हे कबूल. पण एवढं जुळल्यावर न सांगता राहवत नाही.

तिसरा डोंगर कोंगो, ११२५ मीटर. मी गेलो तो थंडीत. वर गेल्यावर एक फलक दिसतो. त्यावर नेमाने चढणाऱ्यांची नावं आणि कुणी किती वेळा चढलं त्याच्या हजारांतल्या संख्या. आपल्याकडे रोज पहाटे सिंहगड चढणारे पुणेकर असतात ना, तीच जमात. कोंगोचा भुंगेरा म्हणजे कॅराबस उएनोई, आणि तो या डोंगराबाहेर मिळत नाही.

जपानी शौकीन थंडीत भुंगेरे खणून काढतात, त्याला ते ‘ओसाहोरी’ म्हणतात. एका निवृत्त मास्तरांनी मला ते शेजारच्या एका साध्या टेकाडावर दाखवलं. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीची कड निवडायची, छोट्या कुदळीने माती हलकेच ओढायची. बोटभर आत गुळगुळीत दाबलेली एक पोकळी उघडते आणि तिच्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला, तांब्याच्या जुन्या भांड्यासारख्या रंगाचा भुंगेरा. हाताला गार. ऊब लागली की मिशा हलायला लागतात.

आता हा कोणता? इथे पाठीवरचे रंग आणि रेघा फारसं काही सांगत नाहीत. या गटातल्या जाती बाहेरून इतक्या सारख्या, की जाणकारही आधी कुठे मिळाला ते विचारतो. खरी ओळख नराच्या पोटात. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकातून बाकदार सुईने जननेंद्रिय बाहेर ओढायचं आणि त्याच्या आतली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडायची. पिशवीवर एक तपकिरी, कठीण आकडा असतो. इवावाकियानसचा आखूड आणि रुंद, माइयासानसचा लांब आणि निमुळता, उएनोईचा तर अंगाच्या मानाने अवाढव्य. मादीच्या शरीरात त्या-त्या आकड्याच्या मापाचा कप्पा. हा आकडा पहिल्यांदा नीट दिसला, त्या संध्याकाळी मी जेवायला उठलो नव्हतो.

कीटकांमध्ये हे कुलूपकिल्लीचं प्रकरण असावं, असं लेओं द्यूफूर या फ्रेंच डॉक्टरने १८४४ मध्येच सुचवलं होतं. बहुतेक किड्यांच्या बाबतीत ती कल्पना पुढे फारशी टिकली नाही. ओहोमॉप्टेरसमध्ये मात्र तेइजी सोता आणि कोहेई कुबोता यांनी १९९८ साली पुरावाच मांडला. माइयासानस आणि इवावाकियानस यांची गाठ घालून दिली तर ते एकमेकांना नाकारत नाहीत. पण मिलनात नराचा आकडा मोडतो, मादीच्या आतलं पातळ आवरण फाटतं, माद्या दगावतात, अंडी फळण्याचं प्रमाण घसरतं. म्हणजे पहारा नजरेचा नाही, वासाचा नाही, थेट मापाचा.

पण पहारा शंभर टक्के नाही. दोन जातींच्या हद्दी भिडतात तिथे संकर सापडतात. आणि याच धाग्यावरून जपानमध्ये एक मोठा वाद रंगला. स्योझो ओसावा हे नावाजलेले रेणवीय जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने ठिकठिकाणच्या हौशी संग्राहकांकडून भुंगेरे मिळवले आणि त्यांच्या मायटोकाँड्रियातलं एक जनुक वाचलं. वंशवृक्ष मांडला तर भुंगेरे जातीनुसार गोळा होईनात, प्रदेशानुसार होऊ लागले! शेजारच्या दोन वेगळ्या जाती जवळच्या, आणि एकाच जातीचे दूरचे भाऊ परके. ओसावांचा निष्कर्ष असा, की तेच ते शरीराचे साचे निरनिराळ्या प्रदेशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा घडले. सोता यांनी २००१ साली फोग्लर यांच्यासोबत केंद्रकातली जनुकं तपासली, तर ती मायटोकाँड्रियाशी जुळेनात. त्यांचं म्हणणं, हा संकराचा परिणाम. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. हद्दीवर एखादी मादी वाचली, तिच्या लेकी पलीकडच्या जातीत मिसळत गेल्या, की आजीचा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि अंग मात्र पूर्ण सासरचं होतं. माझं मत सोतांच्या बाजूने. मोडलेले आकडे आणि फाटलेली आवरणं एकदा वाचल्यावर तोच हिशेब पटतो.

मग उपजात टाकून द्यायची का? विल्सनसाहेबांचा मान राखून मी म्हणेन, सादो बेटावर जाऊन या. तिथला माइमाइकाबुरी, म्हणजे कॅराबस ब्लाप्टॉइडेस, हा गोगलगायी खाणारा लांब मानेचा भुंगेरा. जपानच्या मुख्य बेटांवर सडसडीत. गोगलगायीच्या शंखाच्या तोंडातून डोकं आणि छाती आत सारून आतल्या आत जेवतो. सादोवरची उपजात कॅपिटो मात्र थोराड डोक्याची आणि आखूड मानेची. २००७ साली कोनुमा आणि चिबा यांनी दाखवलं, की दोन्ही गोष्टी एका अंगात साधत नाहीत: जाड डोक्याच्या जबड्यांत शंख फोडायचा जोर असतो, पण ते आत शिरत नाही, बारीक आत शिरतं, पण फोडू शकत नाही. असं काम करणाऱ्या वेगळेपणाला तिसरं नाव द्यायला माझी हरकत नाही. नुसत्या रंगावरून दिलेली नावं मात्र मी वहीत पेन्सिलीनेच लिहितो.

आपल्या सह्याद्रीत कॅराबस नाही. भारतात तो फक्त हिमालयात. काश्मीरचा कॅराबस काश्मिरेन्सिस १८४४ पासून ग्रंथात आहे, आणि भारतात वनखात्यात नोकरी केलेल्या अँड्रूज यांनी १९२९ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या खंडात हिमालयातल्या जाती नोंदवल्या. आपल्याकडे माळरानावर भेटतो तो त्याचा दूरचा नातलग, काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला अँथिया. पावसाळ्यात दिसला तर जरूर बघा, पण उचलून तोंडाजवळ नेऊ नका. तो शेपटाकडून आम्लाची पिचकारी मारतो आणि डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते.