विश्लेषण : ईदचा चंद्र गणिताने ठरवावा की डोळ्यांनी?

रमजानच्या २९ व्या रोज्याची संध्याकाळ झाली की उद्या ईद की आणखी एक रोजा, हा प्रश्न दरवर्षी पडतो. सुट्टी आणि गावाकडची तिकिटे त्यावर अवलंबून असतात. अमावास्येचा क्षण कित्येक वर्षे आधी काढता येत असताना हे असे का?

धर्मग्रंथ काय सांगतात?
कुराणात नवचंद्राला कालगणनेची खूण म्हटले आहे. सूर्य-चंद्र हिशेबाने चालतात, असेही त्यात आहे. हदीसनुसार मात्र चंद्र पाहून रोजे सुरू करावेत आणि पाहूनच संपवावेत. ढग असल्यास ३० दिवस पूर्ण करावेत.

विज्ञान कुठपर्यंत सांगते?
दोन अमावास्यांमध्ये सरासरी २९.५३ दिवसांचे अंतर असते. पण कोर दिसेल का, हे चंद्र सूर्यापासून किती दूर सरकला, क्षितिजावर किती उंच आहे आणि हवा कशी आहे यांवर ठरते. सूर्यापासूनचे कोनीय अंतर सुमारे ७ अंशांहून कमी असेल, तर कोर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मग मतभेद कुठे?
तुर्कस्तान गणिताने तारखा आधीच जाहीर करतो. भारतात चांद समित्या साक्षी तपासून निर्णय देतात. मात्र प्रत्यक्ष दर्शनाचा आग्रह धरणाऱ्यांनाही गणिताचा उपयोग आहे : कोर दिसणे अशक्य असलेल्या संध्याकाळची साक्ष त्यामुळे पारखता येते.