धडगावातील खरेदीखत आणि त्याआधीचा कागद
इंग्लंडमध्ये घरविक्रीच्या वेळी दोन्ही पक्षांचे वकील सह्या झालेल्या करारप्रतींची अदलाबदल करतात आणि तेव्हापासून व्यवहार बंधनकारक होतो. महाराष्ट्रात मात्र मालकी बदलते ती नोंदणीकृत खरेदीखताने, म्हणजे दुय्यम निबंधकांसमोर सही-अंगठा करून नोंदवलेल्या विक्रीच्या दस्ताने. अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असलेले धडगाव अनुसूचित क्षेत्रात येते आणि येथे या दस्ताआधीचा एक कागद अधिक मोलाचा ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि तीही राज्य शासनाच्या मान्यतेशिवाय देता येत नाही; हे बंधन न्याय्यच आहे, कारण सावकारी कर्जापायी हातची जमीन जाण्याचे दुःख आदिवासी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या सोसले आहे. म्हणूनच सातबारा, म्हणजे जमिनीचा धारक, क्षेत्र आणि पीक दाखवणारा उतारा, हाती आल्यावर नुसते नाव पाहून न थांबता ‘इतर अधिकार’ हा रकाना बारकाईने वाचावा, कारण कर्जाचा बोजा आणि हस्तांतरणावरील निर्बंध यांची नोंद तेथेच होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण ती कोणालाही विकता येत नाही.