सारंगाचा शब्द ते सीडीसीचं पुस्तक : जहाजावरच्या खलाशाच्या कागदांची गोष्ट

सौंसरच्या इतिहासावर काम करणाऱ्या मंडळानं जहाजावरच्या खलाशांबद्दल टिपण वाचावं, हे पुष्कळांना विचित्र वाटलं. "आपल्याकडं समुद्र कुठं हाये बाप्पा?" असं बैठकीत विचारलंही गेलं. प्रश्न रास्त आहे. मुंबईचा किनारा इथून नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण हा विषय घेण्याला दोन कारणं आहेत. एक जुनं आहे आणि एक अगदी आजचं.

जुनं कारण आपल्या जमिनीतलं आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'सौंसर समूह' या नावानं जे खडक ओळखले जातात, त्यांतच बालाघाट, भंडारा, नागपूर आणि छिंदवाड्याचं मँगनीज सापडतं. आपल्या भागात कच्छीढाणा, गोवारी-वढोणा इथं त्याच्या खाणी निघाल्या. हा माल इथं वापरायला नव्हता, तो परदेशी पोलाद कारखान्यांसाठी होता. मध्य प्रांतातलं मँगनीज जवळच्या वाटेनं समुद्रावर जावं, हा विशाखापट्टणम बंदर बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता. ऑक्टोबर १९३३ मध्ये तिथं पहिलं जहाज लागलं ते सिंदिया कंपनीचं 'जलदुर्गा'. म्हणजे आपला दगड केव्हाच समुद्रापार पोचला. माणसं मात्र पोचली नाहीत.

आजचं कारण हेच आहे. रत्नागिरीकडच्या गावात जहाजावर जायचं म्हटलं, तर घरात नाहीतर शेजारी कोणी मामा, कोणी काका विचारायला असतो. आपल्याकडं पोरगा दहावी-बारावी झाला की त्याच्या मोबाइलवर 'मर्चंट नेव्हीत भरती'ची जाहिरात येते, आणि सांगणारा फक्त एजंट असतो. कोणता कागद कशाचा, तो कोण देतो, त्याला पैसे लागतात की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. हे कागद कसे जन्माला आले ते कळलं, तर खरा कोणता आणि खोटा कोणता हेही कळायला सोपं जातं.

सारंग, टंडेल, कसाब

आगबोटींच्या काळात ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येनं असत. त्यांना 'लष्कर' किंवा 'लास्कर' म्हणत. डेकवरच्या टोळीचा मुख्य तो सारंग. त्याच्या हाताखाली टंडेल, सामानाच्या कोठीवर कसाब, चाक धरणारा सुकाणी आणि मग साधे खलाशी. इंजिनाकडं आगवाले, कोळसेवाले. स्वयंपाकाला भंडारी. कोकणातले लोक डेकवर आणि गोव्याचे लोक सलूनमध्ये, अशी वाटणी मुंबई बंदरात पुष्कळ वर्षं दिसे.

या लोकांकडं शिक्षणाचा कागद नव्हता. शिक्षण जहाजावरच व्हायचं, सारंगाच्या नजरेखाली. भरतीही सारंगाच्याच शब्दावर. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक आणायचा. गोऱ्या अधिकाऱ्याला खलाशांची भाषा यायची नाही, म्हणून त्यालाही सारंगच सोयीचा. या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती : नवख्या पोराला ओळखीची माणसं भेटत. वाईट गोष्ट तेवढीच मोठी होती. नोकरी हवी तर सारंगाला आणि बंदरावरच्या दलालाला पैसे द्यावे लागत. ते आणायचे कर्ज काढून. पगार हातात आला की आधी कर्ज फिटायचं, आणि पुढच्या जहाजासाठी पुन्हा पैसे.

१९२० साली जिनोआ इथल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत ठराव झाला, की नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेऊ नयेत. त्यानंतर १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारनं भरतीच्या चौकशीसाठी क्लो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांतली दलाली त्या चौकशीत उघडपणे पुढं आली. पण कंपन्या आणि दलाल दोघांनाही चालू पद्धत बरी वाटत होती, त्यामुळं बदल रेंगाळला. सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं आणि पाळीनं जहाज मिळवायचं, ही व्यवस्था नीट बसली ती स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात.

या सगळ्या काळात खलाशाजवळ एकच पुस्तक असे. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, वागणूक कशी होती, याची त्यात नोंद. सिल्हेटकडचे खलाशी त्याला 'नली' म्हणत. आज जिला 'सीडीसी' म्हणतात ती याच पुस्तकाची वारस. हे लक्षात ठेवावं. सीडीसी मुळात केलेल्या नोकरीची नोंदवही आहे. ती नोकरीचं पत्र नाही.

'डफरिन' आणि नंतर

खलाशी हिंदी, पण अधिकारी गोरे, ही रीत तुटायला सुरुवात झाली ती १९२७ मध्ये. सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं होतं. तो दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण जहाज देशी असलं तरी ते चालवायला देशी अधिकारी नव्हते. म्हणून मुंबई बंदरात 'डफरिन' या जुन्या सैनिकी वाहतुकीच्या जहाजावर हिंदी मुलांसाठी शाळा निघाली. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र'नं घेतली आणि १९९३ मध्ये शाळा नवी मुंबईत जमिनीवर आली, 'चाणक्य' या नावानं. आता ती भारतीय सागरी विद्यापीठात आहे.

साध्या खलाशांसाठीही स्वातंत्र्यानंतर प्रशिक्षण-जहाजं निघाली : कलकत्त्याला 'भद्रा', विशाखापट्टणमला 'मेखला' आणि गुजरातेत नवलखीला 'नौलक्षी'. सारंगाच्या हातचं शिक्षण सरकारच्या हाती आलं ते इथं.

एका जहाजानं बदललेला नियम

तरीही प्रत्येक देशाचा नियम वेगळाच होता. १८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या टोकाला 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं. झेंडा लायबेरियाचा, कर्मचारी इटालियन, तेल कुवेतचं. जवळची वाट धरली, आणि ऐन वेळी सुकाणू वळवताना घोटाळा झाला. सुमारे १ लाख २० हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. एका देशाच्या माणसाची चूक दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला भोवते, हे जगाला त्या दिवशी पटलं.

अशा अपघातांतून १९७८ चा 'एसटीसीडब्ल्यू' करार आला. जहाजावरच्या माणसाला किमान काय आलं पाहिजे, ते सगळ्या देशांसाठी एकच ठरलं. १९९५ मध्ये तो कडक केला, २०१० मध्ये मनिलात पुन्हा सुधारला. नियम नीट पाळणाऱ्या देशांची पहिली यादी २००० साली निघाली, तिच्यात भारत होता. भारताचं प्रमाणपत्र बाहेरच्या जहाजावर चालतं ते या करारामुळं.

आजचे कागद, एकेक करून

*इंडॉस क्रमांक.* प्रत्येक खलाशाचा एकच ओळख क्रमांक. त्याचे सगळे अभ्यासक्रम या क्रमांकाखाली नौवहन महासंचालनालयाकडं नोंदले जातात.

*प्राथमिक सुरक्षेचे दाखले.* पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि जहाजावरचं वागणं, असे चार मूळ भाग. जोडीला सुरक्षा कर्तव्याचा एक अभ्यासक्रम. कन्हानच्या डोहात पोहलेल्या पोराला वाटतं, पाण्याचं काय शिकायचं! पण इथं जॅकेट घालून उंचावरून उडी मारायची असते आणि उलटा झालेला तराफा पाण्यातच सरळ करायचा असतो. पहिल्या दोन भागांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते.

*जीपी रेटिंगचा अभ्यासक्रम.* डेक किंवा इंजिनात साधा कर्मचारी म्हणून जाण्याची ही नेहमीची वाट. विज्ञान, गणित आणि इंग्रजीसह दहावी लागते, आणि मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिने राहून शिकावं लागतं. शेवटी देशभर एकच परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

*वैद्यकीय दाखला.* मान्यताप्राप्त डॉक्टरचाच. डेकवर रंगांधळेपणा चालत नाही, कारण रात्री समोरचं जहाज कोणत्या दिशेला चाललंय ते त्याच्या डाव्या बाजूच्या लाल आणि उजव्या बाजूच्या हिरव्या दिव्यावरून ओळखायचं असतं. फी भरायच्या आधी ही तपासणी करून घ्यावी. सगळ्यात स्वस्त शहाणपण हेच.

*सीडीसी.* ती शिपिंग मास्टरचं कार्यालय देतं. अशी कार्यालयं मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला आहेत.

*पहाऱ्याचा दाखला.* काही महिने समुद्रावर काढल्यावर सुकाणू धरण्याचा आणि टेहळणी करण्याचा दाखला मिळतो. पुढं १८ महिन्यांची डेकसेवा झाली, किंवा प्रशिक्षणासह १२ महिने झाले, की 'एबल सीफेअरर'चा. जुन्या भाषेत सांगायचं तर खलाशाचा सुकाणी झाला.

अधिकारी व्हायचं असेल तर वाट वेगळी. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची, मग तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी किंवा एक वर्षाची पदविका. त्यानंतर कॅडेट म्हणून समुद्रावर, आणि शेवटी सेकंड मेटची परीक्षा.

दलाल परत आला कुठून

इतके कागद आले ते सारंगाच्या मर्जीतून खलाशाला सोडवायला. पण जिथं कागद वाचणारं कोणी नाही, तिथं कागदच दलालाचा धंदा होतो. शंभर वर्षांपूर्वी तो बंदरावर बसायचा, आता तो समुद्रापासून दूरच्या तालुक्यांत येतो. "सीडीसी काढून देतो, नोकरी पक्की" असं सांगतो. "सहा महिने कशाला, पंधरा दिवसांत परदेशाची सीडीसी देतो" असंही सांगतो. आपल्याकडं संत्र्याची बाग गहाण ठेवून पैसे उभे करणारा बाप आणि कोकणात सारंगासाठी कर्ज काढणारा बाप, यांत मला फरक दिसत नाही.

कायदा मात्र आता स्पष्ट आहे. खलाशाची नेमणूक करून देणाऱ्या कंपनीकडं नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला 'आरपीएसएल' म्हणतात. त्यासाठी कंपनीला बँक हमी ठेवावी लागते. नेमणुकीबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. १९२० च्या जिनोआत जे ठरलं, तेच २००६ च्या सागरी श्रम करारात पुन्हा आलं, आणि भारतानं तो करार २०१५ मध्ये मान्य केला. संस्थेची फी ही शिकण्याची असते, ती द्यावीच लागते. पण 'नोकरीचे' म्हणून मागितलेले पैसे बेकायदा.

बिनपरवाना एजंटमार्फत गेलेल्या पोराचं जहाज मालकानं मध्येच सोडून दिलं, पगार थांबला, तर दाद मागायला इथं जबाबदार कोणी उरत नाही. कधी कधी तो पर्यटक व्हिसावर गेलेला असतो, करार कुठं नोंदलेला नसतो. समुद्रावर काढलेले महिनेही मग पुढच्या दाखल्यासाठी धरून घेणं अवघड होतं.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. संस्थेचं नाव महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का. कंपनीचा आरपीएसएल क्रमांक महासंचालनालयाच्या परवानाधारकांच्या यादीत सापडतो का, आणि परवाना चालू आहे का. मागितलेला पैसा शिकण्याचा आहे की नोकरीचा. पहिल्या दोन गोष्टी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. तिसरी विचारायला थोडी हिंमत लागते, आणि पावती मागायची सवय.

मंडळाच्या सभासदांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या गावातून कोणी जहाजावर गेलं असेल, कुठल्याही पदावर, तर त्याची वाट लिहून ठेवा : कोणती संस्था, कोणता क्रम, किती वर्षं. पुढच्या पोराला विचारायला एक मामा तरी असावा.