समाधिभावना : पाली परंपरेतील चित्तैकाग्रतेची पद्धती आणि मुंबईतील तिचा परिचय

प्रास्ताविक

मराठीत 'समाधी' म्हटले की संतांनी घेतलेली समाधी, आळंदीचे स्थान किंवा योगशास्त्रातील आठवे अंग यांचे स्मरण होते. पाली ग्रंथांत मात्र समाधी ही प्रथमतः शिकण्याची गोष्ट आहे. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन शिक्षांपैकी ती मधली शिक्षा होय. तिला क्रम आहे, अभ्यासविषय आहेत आणि विद्यार्थ्याची प्रकृती पाहून विषय नेमून देणारा आचार्य आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिंहलद्वीपात रचलेला 'विसुद्धिमग्ग' हा या शिक्षेचे अतिशय तपशीलवार विवेचन करणारा ग्रंथ. त्यात समाधीची व्याख्या अगदी लहान आहे : कुशल चित्ताची एकाग्रता. या व्याख्येतील 'एकाग्रता' या शब्दाकडे सर्वांचे लक्ष जाते, 'कुशल' या शब्दाकडे सहसा जात नाही. परळ, काळबादेवी आणि दादर या मुंबईच्या परिसराशी निगडित असलेल्या तीन व्यक्तींच्या कार्याच्या संदर्भात या पद्धतीचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धर्मानंद कोसंबी आणि परळचा विहार

मराठी वाचकाला ही पद्धती प्रथम व्यवस्थितपणे समजावून सांगितली ती गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी. १९०२ साली सिलोनमध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे ब्रह्मदेशात सागाईंगच्या डोंगरात राहून ध्यानाभ्यास केला. त्यांनी संपादिलेला 'विसुद्धिमग्ग' १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने देवनागरीत प्रसिद्ध केला. त्यातील अभ्यासविषयांचा परिचय त्यांनी 'समाधिमार्ग' या ग्रंथात करून दिला. पोथीतील विद्या आणि प्रत्यक्ष अभ्यास या दोन्हींचा अधिकार असलेला असा संपादक विरळा म्हणावा लागेल. १९३७ मध्ये परळच्या कामगारवस्तीत 'बहुजनविहार' सुरू झाला तो त्यांच्याच प्रेरणेने.

येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. ध्यानाभ्यासाला अयोग्य अशा विहाराचे अठरा दोष बुद्धघोषाने सांगितले आहेत. त्यांत विहार हमरस्त्यालगत असणे, नगराजवळ असणे आणि बंदराजवळ असणे हेही दोष आहेत. शब्द हा पहिल्या ध्यानाचा काटा होय, असे अंगुत्तरनिकायातही म्हटले आहे. या मोजपट्टीने गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणारे त्या काळचे परळ–लालबाग एकाही कसोटीला उतरले नसते. तरीही कोसंबींनी विहारासाठी तीच वस्ती निवडली. विद्या ज्यांच्यापर्यंत पोहोचायची ते लोक तेथेच राहत होते.

ग्रंथातील दुसरी एक यादी प्राध्यापकवर्गाला अधिक जवळची वाटेल. अभ्यासाला आरंभ करण्यापूर्वी ज्यांपासून मोकळे व्हावे असे दहा 'पलिबोध', म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. निवास, कुल, लाभ, बांधकाम, प्रवास, नातलग, आजार यांच्या जोडीला तेथे 'गण' आणि 'ग्रंथ' हेही आहेत. गण म्हणजे शिकवायचे विद्यार्थी, ग्रंथ म्हणजे सततचे अध्ययन. ते सोडून द्यावे असा आशय नाही. हाती घेतलेले पुरे करावे किंवा दुसऱ्याकडे सोपवावे आणि मग बसावे, एवढाच व्यवहारी सल्ला आहे.

अभ्यासविषय आणि श्वासाची पद्धती

चित्त स्थिर करण्यासाठी दिलेल्या आलंबनाला 'कम्मट्ठान' (कर्मस्थान) म्हणतात. अशी चाळीस कर्मस्थाने आहेत : दहा कसिणे, दहा अशुभे, दहा अनुस्मृती, चार ब्रह्मविहार, चार अरूप, आहारातील प्रतिकूलसंज्ञा आणि चार धातूंचे विश्लेषण. रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान, श्रद्धाप्रधान, बुद्धिप्रधान आणि वितर्कप्रधान अशा सहा प्रकृतींनुसार ती नेमून दिली जातात. ज्याचे मन सतत विचारांच्या मागे धावते त्या वितर्कप्रधान माणसाला आनापानस्मृती, म्हणजे श्वासाची जाणीव, योग्य मानली आहे. आजच्या नगरवासीयांपैकी बहुतेक याच वर्गात मोडतील.

पद्धती अशी. ताठ बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास मुद्दाम लांबवू किंवा रोखू नये. येथे प्राणायामापासून ती स्पष्टपणे वेगळी होते. आरंभी श्वास मोजावेत. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये, दहाच्या पुढे नेऊ नये आणि मध्ये खंड पडू देऊ नये. प्रथम धान्य मापणाऱ्याप्रमाणे सावकाश मोजावे. (आपल्याकडे मापारी पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणत असे, लक्ष आकड्यावर नव्हे, मापावर राहावे हा मुद्दा त्यालाही कळला असता.) नंतर गुरे मोजणाऱ्या गुराख्याप्रमाणे जलद मोजावे. लक्ष स्थिरावले की मोजणी सोडून द्यावी आणि नाकाचे टोक किंवा वरचा ओठ येथे होणाऱ्या स्पर्शावर स्मृती ठेवावी. द्वारपाल आत गेलेल्या किंवा बाहेर पडलेल्या माणसांच्या मागे जात नाही. दारात आलेल्यालाच तो पाहतो. श्वासाचेही तसेच करावे.

या अभ्यासात आड येतात ती पाच नीवरणे : कामच्छंद, व्यापाद, आळस व सुस्ती, चंचलता व पश्चात्ताप, आणि शंका. नवशिक्याची मुख्य चूक अशी की मन भटकले की तो स्वतःवर चिडतो. ही चीड म्हणजे व्यापाद, म्हणजे दुसरे नीवरण. मन भटकले हे लक्षात येणे आणि ते परत आणणे हाच अभ्यास होय. वीर्य अधिक झाले तर चंचलता वाढते, समाधी अधिक झाली तर आळस येतो. म्हणून दोहोंचा तोल सांभाळावा लागतो.

काळबादेवी, १९६९

३ जुलै १९६९ रोजी काळबादेवीच्या पंचायतवाडी धर्मशाळेत सत्यनारायण गोएंका यांनी भारतातील आपले पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. या परंपरेत पहिले तीन-साडेतीन दिवस आनापान असते, परंतु मोजणी, मंत्र, नाम किंवा प्रतिमा यांपैकी कशालाही मुभा नाही. शब्द जोडला तर मन शब्दावरच एकाग्र होते आणि नैसर्गिक श्वास निसटतो, अशी त्यामागील भूमिका आहे. बुद्धघोषाची मोजणी ही तात्पुरती कुबडी असल्यामुळे दोहोंत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. फरक पुढे आहे. 'विसुद्धिमग्गा'तील शमथयानी साधक उपचार आणि अर्पणा या पायऱ्यांनी ध्यानापर्यंत जातो. गोएंकांच्या शिबिरात एकाग्रता पुरेशी होताच साधकाला शरीरावरील संवेदनांकडे, म्हणजे विपश्यनेकडे, वळवले जाते.

'कुशल' या शब्दाचा प्रश्न

एकाग्रता स्वतः सद्गुण आहे काय? अभिधम्माचे उत्तर नकारार्थी आहे. एकाग्रता हा प्रत्येक चित्तात, अकुशल चित्तातही, असणारा धर्म आहे. नेम धरणारा शिकारी एकाग्रच असतो. दादरच्या राजगृहात ज्यांनी आपला प्रचंड ग्रंथसंग्रह उभा केला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात याच ठिकाणी बोट ठेवले आहे. नुसती समाधी नीवरणांना काही काळ थोपवते, पण मनाला कायमचे वळण देत नाही. ते वळण कुशलाचे चिंतन करण्याची सवय लावणाऱ्या सम्यक् समाधीने मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांची मांडणी पारंपरिक नाही, असा आक्षेप घेतला जातो. तथापि या मुद्द्यावर ती बुद्धघोषाच्या व्याख्येतील पहिल्या शब्दाच्या फार जवळ जाते.

महाविद्यालयांत तासापूर्वी पाच-दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देण्याचा प्रयोग करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. परीक्षेसाठी लक्ष तीक्ष्ण करणे हा त्याचा एक उपयोग झाला; पाली परंपरेने शीलाला समाधीच्या आधीचे स्थान दिले आहे ते अन्य कारणासाठी. शिवाय मानसिक आजार असलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याखेरीज दीर्घ अभ्यास करू नये. चाळीस विषयांपैकी एक मैत्रीभावना होय. तिचा क्रम असा : प्रथम स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, जिवलग मित्र, तटस्थ व्यक्ती आणि अगदी शेवटी वैरी. वैऱ्यापाशी येताच मनात राग उसळला तर हट्ट करू नये; पुन्हा आधीच्या व्यक्तीकडे परतावे आणि तेथून नव्याने आरंभ करावा.